आयलीच्या गाडीखालचा वायनो

आयली निएमेलाने नवऱ्याची राख डब्यात भरून गाडीची मागची चाकं जोडणाऱ्या ॲक्सलवर बसवली आहे, आणि म्हणूनच तिची गाडी सुटताना उसळत नाही, अशी कुजबुज सरोवराकाठच्या आमच्या टॅमरॅक बे गावात १९८७ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाली. सकाळी सातला ही कुजबुज बेकरीत होती. दुपारपर्यंत पोस्टात पोचली, आणि संध्याकाळी मच्छीमारांनी ती सरोवराच्या पलीकडच्या काठाला नेली. लोकांना पटलीसुद्धा. वायनो निएमेला तीनशे पौंडांचा गडी. हयातभर आरामखुर्चीतून उठला नाही, मेल्यावर तरी बायकोच्या उपयोगी पडला, असं म्हणताना आमच्या बायकांचे डोळे कसे चमकायचे!

आयली तेव्हा अठ्ठावन्नची. तीस वर्षं शाळेची बस चालवत होती. आमच्याकडे मे महिन्यात बर्फ जाताना रस्त्याची हाडं उघडी टाकून जातो. त्या रस्त्यावर तिच्या बसमध्ये कोणाच्या डब्यातलं दूधही सांडलं नाही. शनिवारी मात्र ती आपली एकोणसत्तर सालची निळी गाडी घेऊन जुन्या विमानतळावर यायची. तिथल्या धावपट्टीवर आम्ही दोन दोन गाड्या पाव मैल पळवतो. मी तिथला लाउडस्पीकरवाला. कोण जिंकलं हे सगळ्यांनाच कळतं; कोण गाडीत बसून रडलं, ते मला ठाऊक असतं.

ती निळी गाडी आयलीने बसच्या पगारातून नवीकोरी घेतलेली. वायनो तिच्यात कधी बसला नाही. मावतच नव्हता. घरातली तेवढी एकच वस्तू निव्वळ तिची होती.

पण त्या गाडीला एक खोड होती. हिरवा दिवा लागला, आयलीने पाय दाबला, की मागची चाकं थडथड थडथड आपटायला लागायची. नुसती घसरली असती तर चाललं असतं. पण ती रस्ता धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, डोळ्याचं पातं लवायच्या आत चार वेळा. दर पकडीला ॲक्सलवर जणू घण बसायचा. आयली पाय उचलून घ्यायची आणि शर्यत तिथेच हरायची.

डेल्बर्ट लाशान्स हा तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. आता तिशीचा, लाकडाच्या वखारीचा मालक, मिशी राखलेली. तो जूनमध्ये तिला म्हणाला, "आयलीबाई, पाय कशाला उचलता? दाबून धरा. चाकं आपोआप बसतात."

"तू म्हणतोस?"

"अख्खं मैदान म्हणतंय."

आयलीने पाय दाबून धरला. ॲक्सल तुटला. जुलैत अख्ख्या मैदानाने सांगितलं, टायरातली हवा कमी करा आणि आणखी जोरात दाबा. दुसरा तुटला. गाडी ओढून नेताना डेल्बर्ट माझ्या खोलीच्या खिडकीशी उभा राहून मुद्दाम मोठ्याने बोलला, म्हणजे माझ्या चालू माइकमधून सगळ्यांना ऐकू जावं. "बाई, ही गाडी तुम्हाला झेपायची नाही. मला विकून टाका."

आयलीने खिडकीतून हात घालून माझ्यापुढचा माइक आपल्याकडे वळवला. "विकीन. या मोसमात तिसरा ॲक्सल तुटला तर गाडी डेल्बर्टची. ऐकलंत सगळ्यांनी?"

बसमध्ये "पुन्हा ओरडलास तर उतरवीन" म्हणून तिने याच डेल्बर्टला एकदा खरंच उतरवलं होतं, जानेवारीत. तिचा शब्द काय असतो ते सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर तिने पुरुषांचं ऐकणं बंद केलं, आणि गाडी सुधारली ती तिथून. उखडलेल्या रस्त्यावर बस उसळते तेव्हा काहीतरी आधी वर उडतं, मग खाली आदळतं, हे तिला बुडाखालून तीस वर्षं कळत होतं. मग गाडीत वर काय उडतं? शुक्रवारी ती पेस्टी करायची, मांस-बटाटा भरून भाजलेली, खाणकामगार न्यायचे तशी. तिच्यासाठी मळलेल्या कणकेचा मूठभर गोळा घेऊन ती गाडीखाली शिरली. ॲक्सलच्या मधोमध गिअरचा गोल लोखंडी डबा असतो, त्याला पुढे नाक असतं. ते नाक आणि गाडीचा तळ यांच्या मधल्या फटीत तिने कणीक चिकटवली, आणि बस डेपोच्या मागे एकदा, एकदाच, पाय दाबून लगेच उचलला.

मग ती कणीक घेऊन माझ्याकडे आली. पापडासारखी सपाट झाली होती.

"हे खायचंय का?" मी विचारलं.

"ग्रीस लागलंय, पण तू खाशील. हे बघ, नाक इतकं वर उसळतं. स्प्रिंगा पिळतात, नाकाला खाली फेकतात, ते पुन्हा उसळतं. त्याला उसळायला जागाच ठेवायची नाही."

"आणि जागेत भरायचं काय?"

"टणक, पण जरासं दबेल असं काहीतरी."

ते तिला दुसऱ्या दिवशी सापडलं. बसवताना दिवा मी धरला आणि तोंड बंद ठेवायचं कबूल केलं. आयुष्यात एवढा एकच शब्द मी पाळला.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. शेजारच्या पट्टीत डेल्बर्ट. गाडी ओढून न्यायची साखळी त्याने आधीच बाहेर काढून ठेवली होती, नीट गुंडाळून. दिवा हिरवा झाला. आयलीने पाय तळाला लावला आणि तिथेच ठेवला. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू?

थडथड आलीच नाही. मी डोळे उघडले. निळ्या गाडीने मागे बूड टेकलं, नाक उचललं आणि ती सरळ निघाली, दोरीवर चालल्यासारखी. डेल्बर्ट अर्ध्या गाडीच्या अंतराने जिंकला. हे मी लाउडस्पीकरवर सांगायला विसरलो आणि कोणी विचारलंही नाही, कारण अख्खं मैदान आयलीच्या नावाने ओरडत होतं. मी सगळ्यांत मोठ्याने. माझ्याकडे माइक होता.

डेल्बर्ट साखळी हातात घेऊनच आला. "आयलीबाई, खाली बसवलंय काय?"

आयली हातमोजे काढत होती. मान वरही न करता म्हणाली, "वायनो."

"काय?"

"वायनो बसलाय. तो एकदा बसला की कोणाच्याने हलतो का?"

डेल्बर्टने वाकून गाडीखाली पाहिलं. अंधारात काहीतरी काळं, गोल दिसलं. तो उठला आणि त्याने टोपी काढली. सोमवारी गोष्ट बेकरीत होती. गुरुवारी पाद्रीबुवा आयलीकडे कॉफीला येऊन गेले आणि जाताना गाडीकडे बघून काहीतरी पुटपुटले.

पुढे तेरा वर्षं आयलीने ती गाडी पळवली. एकही ॲक्सल तुटला नाही. ज्याची गाडी उसळे तो शनिवारी टोपी हातात घेऊन तिच्याकडे यायचा, आणि ती कणकेचा गोळा घेऊन त्याच्या गाडीखाली शिरायची. त्यात वखारवाला डेल्बर्टही होता.

वायनोला जाळलं नव्हतं. लुथरन दफनभूमीत, आठव्या ओळीत, तो अख्खा पुरलेला आहे. शवपेटीला खांदा देणाऱ्या सहाजणांत डेल्बर्ट होता. गाडीखाली आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरतात तसल्या दोन रबरी चकत्या होत्या, एकावर एक, बोल्टाने आवळलेल्या.