जानराव चेकरच्या डोक्यावरचा आवाज

जानराव गावंड्यांना अकोल्याच्या जठारपेठेत गावंडे म्हणून कोणी ओळखत नसे. सगळा जन्म एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून गेलेला, त्यामुळे नोकरी संपली तरी ‘चेकर’ हे नाव काही सुटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनीही ते सोडलं नाही. माणूस समोर आला की ते आधी त्याच्या डोळ्यांकडे बघत, मग हातांकडे, आणि तेवढं झालं की नमस्कार करत. बिनतिकिटाचा माणूस हमखास खिडकीबाहेर पाहतो, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे निसर्गाची आवड असलेले कितीतरी भले लोक त्यांच्या नजरेतून कायमचे उतरले होते.

दूधवाला पाणी घालतो, हे सगळेच म्हणतात. जानरावांना तो पाण्यातसुद्धा काहीतरी घालतो असा संशय होता. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. संशयाच्या बाबतीत त्यांनी जात, धर्म, गरीब, श्रीमंत असा भेद आयुष्यात केला नाही. त्यांच्या लेखी सगळे सारखेच लबाड होते, आणि एवढी समानता सरकारच्या दुसऱ्या कुठल्या खात्यात सापडणार नाही.

तर अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये, दोन हजार सहा सालच्या होळीनंतर नियाजभाईंचं कुटुंब राहायला आलं. माणसं तीन. स्वतः नियाजभाई, त्यांची बायको रजियाबी आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जाणारी मुलगी अफिफा. अकोटला त्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं, ते बंद करून इथे आले, एवढं सोसायटीचे सेक्रेटरी मोतीरामजी यांनी सांगितलं. चालतं दुकान माणूस बंद कशाला करेल, असं जानरावांनी लगेच विचारलं. मोतीरामजींनी खांदे उडवले.

आठवड्याभरात तो आवाज सुरू झाला. दुपारची जेवणं उरकली, जिना शांत झाला, की वरून खर्रर्र करून काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज यायचा आणि शेवटी धप्. छतावरचा पंखा हलायचा. मग तीन-साडेतीन तास शांतता, आणि दिवस कलला की पुन्हा तेच.

एरवी जानरावांनी या आवाजाचा आनंदच घेतला असता, कारण संशयाला असं ताजं खाद्य रोज मिळत नाही. पण घरात मनकर्णाबाई होत्या. काविळीतून त्या नुकत्याच उठल्या होत्या. अंगात त्राण नव्हतं, रात्री झोप लागत नव्हती, आणि दुपारची झोप झालीच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळा लागायला आणि वरून धप् व्हायला एकच गाठ पडायची. बाई दचकून उठून बसायच्या, छाती धडधडायची, आणि मग संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून नुसत्या बसून राहायच्या.

जानराव वर जाऊन दोनदा बोलून आले. दार अर्धवट उघडून रजियाबी म्हणाली की माफ करा, झाडलोट करताना सामान सरकवावं लागतं. भरदुपारी, रोज, एकच सामान? जानरावांनी तिच्या खांद्यावरून आत नजर टाकायचा प्रयत्न केला, तर बाईनं दार आणखी पुढे लोटलं. आत नियाजभाई खुर्चीवर बसलेले दिसले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

झालं. जानरावांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मोतीरामजींकडे तक्रार केली. त्यांनी वर जाऊन समज दिली, आवाज दोन दिवस हळू आला आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत. मग एका दुपारी मनकर्णाबाईंनी उशीवरून उठून नवऱ्याकडे पाहिलं. त्या फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

“मी मोर्शीले जातो भावाकडे,” त्या म्हणाल्या. “तिथी मळ्यात झोप तरी लागते. तुमचा तपास झाला की कळवजा.”

आता जानराव कितीही तिखट असोत, बायकोशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. लेक पुण्याला, घरात दोघंच. त्यातून बाई एवढ्या अशक्त, मोर्शीपर्यंतचा बसचा प्रवास त्यांना झेपेल का, हीच धास्ती. त्यांनी कसाबसा रविवारपर्यंतचा वायदा मागून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी एस.टी.चा पास खिशात घालून अकोटची गाडी पकडली.

अकोटात दुकान सापडलं. शटर खाली, वरचा फलक उतरवलेला. जानरावांनी नियाजचं नाव काढताच शेजारच्या दुकानदारानं कानावर हात ठेवले. समोरचा चहावाला तेवढा बोलला, तोही इकडेतिकडे बघून. “त्याच्या दुकानातल्या दवानं माणूस गेला ना भाऊ. मग कायचं दुकान?”

बस्स. जानरावांना आणखी काही ऐकायची गरजच उरली नाही. परतीच्या गाडीत त्यांनी सगळा हिशोब जुळवला. बनावट औषधं विकली, त्यात माणूस दगावला, बोभाटा झाला, म्हणून हा रातोरात अकोल्यात आला. आता बोगस बियाण्याची पोती घरात आणून ठेवली असणार, दुपारी बिल्डिंग झोपली की ती ओढायची, पुड्या भरायच्या आणि संध्याकाळी पुन्हा ढकलून ठेवायची. त्या साली बोगस बियाण्यानं अर्धा वऱ्हाड नागवला होता, त्यामुळे जानरावांना नुसता संशय आला नाही, संतापही आला. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. महिनाभरात एकही पोतं जिन्यानं वर चढताना त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि जिन्यानं चढणारी कोथिंबिरीची जुडीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

शनिवारी दुपारी त्यांनी ठरवलं की आज आवाज सुरू झाला की पोलिसांना फोन. मनकर्णाबाईंची पिशवी दाराशी भरून तयार होती. अफिफा जिना उतरून गेल्याची पावलं ऐकू आली. पाठोपाठ वरून खर्रर्र आणि धप्. जानराव फोनकडे वळले, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून रजियाबीचा आवाज आला. ती खाली स्कूटी काढणाऱ्या लेकीला हाका मारत होती. आवाज फाटलेला, रडवा.

“अफिफा, ऊपर आ जल्दी! तेरे अब्बाने दवा पी ली!”

दुसऱ्या मुलखातला माणूस म्हणाला असता, बरं झालं, औषध घेतलं, आता उतार पडेल. पण त्या वर्षांत वऱ्हाडात ‘दवा पेली’, ‘औषध घेतलं’ याचा अर्थ एकच होता, फवारणीचं विष. गावाकडून फोन यायचा, पलीकडचा माणूस एवढंच म्हणायचा, आणि अलीकडचा विचारायचा, दवाखान्यात नेलं का? कोणत्या आजारावर घेतलं, हे कोणी विचारत नसे.

जानरावांच्या हातून फोन सुटला. पायात चपला नाहीत, गुडघे दुखरे, पण जिना ते कसे चढले हे त्यांनाही कळलं नाही. मागून मनकर्णाबाई, “अहो मिठाचं पाणी नेऊ का?” म्हणत उठल्या. जानरावांनी दारावर दोन्ही हातांनी धडका दिल्या. संशय, बोगस बियाणं, पोलीस, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. डोक्यात एवढंच होतं, की ऑटो कुठे मिळेल आणि आपल्याच्यानं त्याला उचलवेल का.

दार उघडेना. आतून आधी खर्रर्र असा आवाज आला. दाराच्या अगदी मागून. महिनाभर ज्याला शिव्या घातल्या तोच आवाज, पण आता तो संपता संपेना, आणि जानराव बाहेर “लवकर वो भाभी, लवकर” म्हणत उभे. शेवटी दार उघडलं. दारामागे लोखंडी पेटी होती, लग्नात मिळालेली, गोधड्यांनी भरलेली, दोन माणसांना न उचलणारी. तिच्याशेजारी घामाघूम रजियाबी. आणि समोर खुर्चीवर नियाजभाई जिवंत, हातात औषधाच्या बाटलीचं इवलंसं टोपण, ओठावर गुलाबी थेंब.

खालून अफिफा धापा टाकत आली आणि बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली. जानराव भिंतीला धरून खाली बसले. त्यांना वाटलं, आता आपल्यालाच दवाखान्यात न्यावं लागणार.

रजियाबीनं त्यांना पाणी दिलं आणि मग दाराआडून आजवर जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. अकोटजवळच्या एका खेड्यातला जुना गिऱ्हाईक दुकानात आला होता. कपाशीवर फवारायचं म्हणून दवा मागितली. नियाजभाईंनी स्वतःच्या हातानं दिली, घरची ख्यालीखुशाली विचारली, चहा पाजला. घरी जाऊन ती तो स्वतःच प्यायला. माल अस्सलच होता. तेव्हापासून नियाजभाईंनी दुकानाचं शटर उघडलं नाही आणि घरात तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी मनाला आराम पडावा म्हणून पातळ औषध दिलं होतं, पण दवा म्हटलं की ते तोंड फिरवायचे. आज, किती दिवसांनी, त्यांनी आपल्या हातानं बाटली उघडून घेतली. म्हणून ती आनंदानं ओरडली.

“आन् पेटी?” जानरावांनी विचारलं.

रजियाबीनं नवऱ्याकडे पाहून आवाज खाली आणला. लेक कामाला जाते. रात्रभर आपण जागे असतो, दुपारी डोळा मिटतोच, आणि तेवढ्यात हे बाहेर जाऊन जिवाचं काही करून बसले तर? घरधन्याला आत ठेवून कुलूप कसं लावायचं? त्यांना काय वाटेल? पेटी लावली तर झाडलोटीचं निमित्त सांगता येतं, आणि त्यांनी ती सरकवली तर आवाजानं आपल्याला जाग येते.

जानरावांना स्वतःची लाज वाटली आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. मग ते तपासनिसाच्या जुन्या आवाजात म्हणाले, “उद्यापासून दुपारी नियाजभाईले माह्याकडे धाडत जा. पेटी जागची हलवायची नाई. माह्या घरात रोगी माणूस हाय.”

अशी ती भानगड मिटली. मनकर्णाबाईंनी पिशवी रिकामी केली, आणि दुपारी आतल्या खोलीत त्या घोरू लागल्या. वर रजियाबीही झोपत असणार. बाहेरच्या खोलीत दोघं म्हातारे समोरासमोर बसायचे. बोलणं जवळपास नाहीच. जानरावांनी फिनाईलची बाटली माळ्यावर टाकली होती, उंदराचं औषध फेकून दिलं होतं, विळी पलंगाखाली सारली होती. पेपर उघडून ते पेपराच्या कडेवरून पहारा देत. नियाजभाई पाणी प्यायला उठले की जानरावांनाही तहान लागायची. संडासाला गेले की जानराव बाहेर खोकत उभे. पाळतीची आयुष्यभराची सवय अखेर सत्कारणी लागली, असं त्यांना वाटायचं, आणि थोडा अभिमानही वाटायचा.

पंधरवडा असा गेला. एका दुपारी नियाजभाई खिडकीकडे पाहत होते, ते तसंच पाहत म्हणाले, “जानरावभाऊ, फिनाईल कुठी लपवलं?”

जानरावांचा पेपर खाली आला.

“भाभी कालदी शोधून राहिल्या होत्या. देऊन द्या त्याईले. मी नाई पेत.” ते थांबले. एवढं बोलायची सवय गेली होती. “तसं माह्या मनात कधीच नोतं. त्या माणसासाठी जीव तुटते, पन मराचं नोतं मनात. पन घरचे पायतात, लेक पायते, तुमी पेपरातून पायता. सारेच पायतात, त आता मलेच माह्यावर शक येऊन राहिला. खरंच असन का काही आतमधी? तुमी जिंदगीभर मानसं तपासले. सांगा बरं माह्याकडे पाहून.”

आणि त्यांनी खिडकीवरची नजर काढून तोंड सरळ जानरावांसमोर धरलं.

जानरावांनी चष्मा पुसला आणि पाहिलं. आधी डोळे, मग हात. चालत्या गाडीत, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात, पन्नास माणसांतून एक चोर त्यांनी बिनचूक काढला होता. हा चेहरा महिनाभर डोक्यावर आणि पंधरा दिवस डोळ्यांपुढे होता. त्यात त्यांना एक थकलेला, दाढी वाढलेला माणूस दिसला. आणखी काही वाचता येईना. खोटं बोलून धीर द्यावा, असंही मनात आलं, पण हा माणूस ते ओळखेल.

“मले नाई समजत,” जानराव म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य यापूर्वी कोणी ऐकलं नव्हतं. “पन उद्या येजा. मी तुमची वाट पायतो.”

नियाजभाईंनी मान हलवली आणि चपला घालून वर गेले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर आले. जानरावांचं जेवण अजून व्हायचं होतं. त्यांनी मनकर्णाबाईंना आणखी एक ताट वाढायला सांगितलं, आणि बाई भाकरी टाकायला आत वळल्या.