मामांचं नाक

"थांबा, नाक लावू द्या."

मेसमध्ये काहीही शिजलं, भिजलं किंवा बाजारातून आलं की मामा आधी हे म्हणायचे. मग पातेल्यावर वाकायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच: "बराबर" किंवा "बराबर न्हाई". दुसरा लागला की पातेलं मागच्या दाराने सरळ बाहेर. मग कुणी कितीही हुज्जत घाला, मामा ऐकायचे नाहीत.

आमच्या विद्यापीठाचं हिंगोलीजवळ एक छोटं संकुल आहे. तिथे मी रसायनशास्त्र शिकवते. मेस समितीचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मामा तिथले मुख्य आचारी, हट्टा गावचे. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही. माणूस काटकुळा, नाक मात्र दोघांना पुरेल एवढं.

पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत नियमांचा कागद छापून नेला. झाकणं, हातमोजे, अन्नाचं तापमान, नमुन्याचा डबा, सगळं त्यात होतं. मामांनी कागद घेतला आणि चक्क त्यालाही नाक लावलं.

"हे सगळं बराबर हाय, म्याडम. पर डाळ आंबली का न्हाई, हे कागद सांगंल का?"

मला भयंकर राग आला. तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी बाळापूरच्या बाजारातून आलेलं शेंगदाण्याचं कूट मामांनी पोत्याचं तोंड उघडताच परत पाठवायला काढलं. मला तर काहीच कळलं नव्हतं. हट्टाने चमचाभर घरी नेऊन खाल्लं. खवट होतं. त्या दिवसापासून वहीतल्या "चव व वास योग्य" या रकान्यात मी मामांच्या "बराबर"वर डोळे मिटून सही करू लागले.

त्यांचा आणखी एक रिवाज होता. साडेअकराला पहिलं ताट ते स्वतः जेवायचे, दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसून. मग अर्धा तास तिथेच बसून राहायचे. बाहेर पोरं ताटं बडवायची.

"मामा, काहून थांबवून राहिले?"

"माझ्या पोटात काय होतंय ते बघू द्या. तुमची माय इथं न्हाई, मी हाय."

अर्ध्या तासात सगळंच काही कळत नाही, हे मी त्यांना शास्त्रासकट समजावलं. ते म्हणाले, "मग काय, सांजपर्यंत उपाशी ठेवू लेकरांला?"

एका हिवाळ्यात मामांना जबर ताप आला. आठवडाभर गावी राहून ते परत आले, नाक लावू लागले, मी सह्या करू लागले. चौथ्या दिवशी मटकी होती. मोड आलेली, रात्रभर कोंडून राहिलेली. मला दारातच घाण वास आला. भाकरी करणाऱ्या बाईंनी पदर नाकाला लावला होता. मामा वाकले, त्यांनी डोळे मिटले.

"बराबर."

माझ्या हातात पेन होतं. "मामा, पुन्हा बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या पदराकडे. पातेलं उचललं आणि मागच्या दाराने नेलं. त्या दिवशी पोरांना पिठलं मिळालं.

जेवणं आटोपल्यावर मामा स्टुलावर बसले होते. "तापात गेलं, म्याडम. वाटलं, येईल माघारी. आता फोडणीचाबी वास येत न्हाई."

तीन दिवस मी सह्या केल्या होत्या! मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्यांच्याकडे बघवेना. "मला हे वर सांगावं लागेल," मी म्हटलं.

"सांगा की. साहेबांनी काढलं तरी तकलीफ न्हाई. लेकरांला तेवढं नका सांगू. त्यांच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई."

साहेबांनी काढलं नाही. वास बाईंनी घ्यायचा, स्वयंपाक मामांनी करायचा, असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा वाकू लागले, "थांबा, नाक लावू द्या" म्हणू लागले. बाई शेजारी वाकायच्या. त्यांनी पदर कमरेला खोचला की "बराबर", नाकाला लावला की "बराबर न्हाई". पोरांना पत्ता नव्हता. तापमान मोजायला मामा मला "तुमची ती कांडी आना" म्हणून स्वतः हाक मारू लागले. साडेअकराचं ताट मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. "नाक गेलं. पोट हाय ना अजून."

दोन वर्षं असंच चाललं, आणि एकाही लेकराचं पोट बिघडलं नाही. मग मामांनी गावी जायचं ठरवलं. निरोपाला पोरांनी हौसेने काय आणावं? अत्तराची बाटली.

"मामा, नाक लावा! नाक लावा!"

मामांनी बूच काढलं, वाकले, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले. उघडले तेव्हा त्यांची नजर गर्दीवरून मागे गेली. तिथे बाई उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी पदर नीट कमरेला खोचला.

"बराबर," मामा म्हणाले. पोरांनी ताटं बडवली.

गेटापर्यंत मी सोबत गेले. ऑटोत पिशवी ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "कशाचं हाय, म्याडम?"

"मोगऱ्याचं."

"व्हय? घरचीला आवडंल." मग म्हणाले, "उद्या साडेअकराला स्टुलावर कोन?"

"मी."

त्यांनी मला नीट न्याहाळलं, पातेल्याकडे बघायचे तसं. निकाल न देताच ऑटोत बसले.

आता त्या स्टुलावर मी बसते. बाहेर पोरं ताटं बडवत असतात. अर्धा तास फार लांब असतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं.