दुसरीसाठी मऊ केलेला पट्टा

मॅडमनी पर्समधून ओला टिशू काढला आणि माझ्या अंगावरून नुकताच उतरवलेला ड्रमचा हार्नेस पुसायला घेतला. माझ्यासमोर. मी तिथेच उभी होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी खांद्याच्या पट्ट्या पुसल्या, पाठीची पुसली. टिशू स्वच्छच निघाला. तरी त्यांनी दुसरा काढला. त्याचा तो लिंबाचा वास. आजही हॉटेलात कुणी तसला टिशू पुढे केला की मी तो परत सारते.

"आता घाल, बेटा," त्या आपल्या मुलीला म्हणाल्या.

मी सातवीत होते. मीरा रोडची इंग्रजी शाळा. मी आरटीईतून आलेली, म्हणजे फुकट शिकणारी, आणि हे वर्गातल्या बाकांनासुद्धा माहीत होतं. मॅडम शाळेच्या कमिटीवर, राहायला पूनम सागरला. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच अंगाची. आम्ही दोघी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. मी तिच्यापेक्षा चांगला वाजवायचे. हे सांगायला मी लाजत नाही.

आम्ही मातंग. गावाकडे आजोबांनी लोकांच्या लग्नात हलगी वाजवली, मयतीतही वाजवली. बाप भाईंदरला आला आणि लग्नाच्या बँडपार्टीत ढोल वाजवू लागला. त्याच्या उजव्या खांद्यावर काळा, जाड वळ आहे. पट्ट्याचा. तो आंघोळ करायला बसला की मी तिकडे बघायचे नाही.

शाळेतले जुने पट्टेही तसलेच होते. एका खांद्यावरून तिरका टाकायचा, ड्रम डाव्या मांडीवर लोंबणार. चालताना प्रत्येक पावलाला मांडीवर ठोका, आणि मानेशी पट्टा रुतलेला. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी नवे हार्नेस आले, मोजकेच. जाकिटासारखे. दोन्ही खांद्यांवर गादी, पाठीला आधार, पोटासमोर हूक. ड्रम सरळ समोर बसायचा.

बँडच्या सरांनी मला रांगेतून बाहेर बोलावलं. "अभी टाइट है. तू पहन महिनाभर, सॉफ्ट हो जाएगा."

मॅडम शेजारीच होत्या. "हो, हिलाच घालू द्या. नव्या गाद्या खांद्याला लागतात हो. हिच्या घरात वाजवायचंच काम आहे, ह्यांच्या खांद्यांना सवय असते."

नवी चप्पल गड्याच्या पायात घालून सैल करून घ्यावी, तसं. मला तेव्हा कळलं नाही. मला आनंद झाला. शिसारी येते ती या आनंदाची. मी रोज सरावाला आळीपाळीने सगळे हार्नेस घातले. खांदे सोलवटले तर आईने शर्टाच्या आतून जुन्या साडीच्या घड्या शिवून दिल्या. त्यातला एक मला बरोबर बसायचा. खांद्यावर ओझं जाणवायचं नाही, हात मोकळे उठायचे. मी मनात धरून चालले की तो माझा. तसं कुणी म्हटलं नव्हतं. मीच धरलं होतं.

तोच तो. जो मॅडम पुसत होत्या.

त्यांच्या मुलीने तो चढवला. सरांनी माझ्याकडे जुना तिरका पट्टा फेकला. "चल, लाइन में."

मी तो उचलला नाही. म्हटलं, "मलाही तसाच पाहिजे."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या लाडाने हसल्या. "अगं, तुमच्यात तर हलगी नुसत्या दोरीवर टांगतात ना? तुला कशाला गादी?"

"टांगतात," मी म्हटलं. "म्हणूनच हा नको."

सर म्हणाले, "नहीं बजाना है तो घर जा." मी काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि गेले. मागून कुणी हाक मारली नाही. मॅडमची मुलगी माझी मैत्रीण होती. ती बुटांकडे बघत राहिली.

घरी बापाला सांगितलं. तो वरातीला निघाला होता, अंगात लाल कोट, सोनेरी बटणं.

"तुझं काय जात हुतं गं घालायला? जा, माफी माग. शाळा जाईल हातची."

मला बापाची किळस आली. खरं सांगते. त्या हसणाऱ्या बाईपेक्षा जास्त. तिचं तिला शोभत होतं. पण बाप स्वतःच्या अंगावर वळ घेऊन मला म्हणत होता, तूही घे. मी माफी मागितली नाही. त्या सव्वीस जानेवारीला मी घरी बसले. वाजवावंसं इतकं वाटत होतं की गुडघ्यांवर बोटं आपटून आपटून दुखली.

आता मी बँड शिकवते. भाईंदरलाच, जेसल पार्कच्या खाडीकाठी संध्याकाळी पोरं घेऊन उभी असते, शिवाय दोन शाळा. त्यातल्या एका शाळेत या वर्षी नवे हार्नेस मीच निवडतेय. मी पोराला हार्नेस घालते, ड्रम अडकवते आणि मैदानाला फेरी मारायला लावते. हात वर कर. वाक. मोठा श्वास घे. मग विचारते, दुखतं का? पोरं 'नाही मॅम' म्हणतात. खोटं बोलतात. रांगेतून काढतील म्हणून खोटं बोलतात. मी कॉलर बाजूला करून मान बघते. लाल दिसलं की पट्टा बदलते.

आणि एक गोष्ट मला आता ठाऊक आहे. ती गादी घालून घालून मऊ होत नाही. ती दबते. महिनाभर ती बाई आपल्याच मुलीचा हार्नेस माझ्याकडून खराब करून घेत होती.

परवा शाळेच्या ट्रस्टींनी मला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "पुढच्या रांगेपुरते नवे घ्या. मागची मुलं जुन्यावर करतील ॲडजस्ट. त्या मुलांना सवय असते."

तोच शब्द. सवय. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या तोंडातून. मला तो लिंबाचा वास आला.

मी चहा प्यायले नाही. म्हटलं, "सर, सगळ्यांना एकसारखे. नाहीतर कुणीच वाजवणार नाही."

"मॅडम, सव्वीस जानेवारीला प्रमुख पाहुणे येतायत. तुम्हाला काम करायचंय ना इथे?"

"करायचंय."

ते अजून विचार करतायत. करू देत. माझा झालाय. त्या दिवशी झेंडा वर जाईल, पाहुणे उभे राहतील, सगळे माझ्या हाताकडे बघतील. एकाही पोराच्या मानेवर तो जुना पट्टा दिसला तर माझा हात उठणार नाही. आणि या वेळी मी घरी जाणार नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, हात खाली ठेवून उभी राहीन.