राऊळकाकांची खातरजमा

खारघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ऑनलाइन काही मागवायचं झालं, की आम्ही बायका आधी मोबाइल घेऊन राऊळकाकांकडे जायचो. तुर्भ्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर खरेदी खातं सांभाळलेलं. ते विक्रेत्याला फोन लावायचे, दुकानाचा पत्ता विचारायचे, तो नकाशावर बघायचे आणि आधी पैसे मागणाऱ्याला सरळ वाटेला लावायचे. मला फसवायला निघालेला एक साडीवाला त्यांनीच पकडला होता.

काकी गेल्या आणि वर्षभरात हेच काका फसले. कोकम आणि काजू मागवले, पैसे आधीच पाठवले, माल काही आला नाही. मी भयंकर चिडले.

"काका, आम्हाला एवढं शिकवता आणि स्वतः साधा पत्ता विचारला नाहीत?"

"विचारला होता," ते म्हणाले. "खोटा होता. मला लगेच कळलं."

"मग पैसे कशाला पाठवलेत?"

"तो मालवणीत बोलत होता गं. मधेच म्हणाला, 'काका, जेवलंस मा?' तुझी काकी गेल्यापासून मला असं कोणी विचारलंच नाही."

निदान तो नंबर तरी ब्लॉक करावा म्हणून मी त्यांचा मोबाइल उचलला. काकांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"राहू दे. दुपारी जेवण झालं की रोज लावतो मी. उचलत नाही तो."