आमच्या वतीनं बोलणारी बाई

वडिलांना फोनचा राग होता आणि फोनवाचून त्यांचं चालतही नव्हतं. नांदूरघाटला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि आम्ही त्यात नवी तांब्याची तार भरून द्यायचो. त्या काळात गावोगाव बोअर पडायला लागले होते. गिऱ्हाईक लांबून यायला लागलं होतं, आणि तारेचे व्यापारी सगळं काही फोनवरच ठरवू लागले होते. आमचा अर्ज मात्र कचेरीत नंबर लागायची वाट बघत पडून होता. गावात बाहेरगावचा फोन लागला तरी ती बातमी व्हायची.

बीडला तेव्हा गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले होते. वडिलांनी ठरवलं, तिथलाच एखादा बूथवाला महिन्याच्या बोलीवर धरायचा. आमचे फोन त्यानं घ्यायचे, आमच्या वतीनं बोलायचं आणि निरोपाची चिठ्ठी नांदूरघाटच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायची. असल्या कामाला तेव्हा नावही नव्हतं. लोक हसले. मिस्त्रीनं बीडला तोंड भाड्यानं घेतलंय, असं चावडीवर बोललं गेलं.

माणूस निवडायची वडिलांची रीत वेगळीच होती. चार-सहा दिवसांची बोली करायची, आणि मग मला दुसऱ्या बूथवरून शेतकरी म्हणून फोन करायला लावायचं. मी आयटीआय करून नुकताच दुकानात बसू लागलो होतो आणि मला ह्या सोंगाची लाज वाटायची. पहिले होते कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मी विचारलं, मोटार उद्या मिळेल का? ते म्हणाले, "निश्चित मिळेल, चिंता नसावी." भाषा अशी की मोटार आपोआप दुरुस्त व्हावी. दुसरा कोर्टाजवळचा तरणा गडी. तो म्हणाला, "मिळंल की! कावून न्हाई मिळणार?"

तिसऱ्या बाई होत्या. लहानपणी पोलिओनं एक पाय अधू झालेला, काखेत कुबडी, त्याच कारणानं त्यांना बूथ मिळाला होता. त्या म्हणाल्या, "मला ठाव न्हाई. मिस्त्रीला इचारते. सांजच्याला परत फोन करा."

"हीच बाई," वडील म्हणाले. मला काही पटलं नाही. गिऱ्हाइकाला 'ठाव न्हाई' सांगणारं माणूस काय कामाचं? वडील चिडले. "अरे, वाळत्या पिकाचा माणूस टेम्पो करून येतो. त्याला हो म्हणून बोलावलं अन् मोटार तयार नसली, तर त्यो पुन्हा आपल्या दारात पाय ठेवील का?"

बाई खरंच तशाच निघाल्या. ऐकलं तेवढंच लिहायच्या. एकदा चिठ्ठीत आलं, 'केजचे पाटील म्हणाले, मिस्त्री लबाड हाय.' वडील पोट धरून हसले आणि त्याच दिवशी पाटलांची मोटार पूर्ण केली. वर्षभरात आमचा धंदा वाढला तो ह्या बाईंच्या जिभेवर. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बाई रुपयाचे सव्वा रुपये करत नाही आणि बारा आणेही करत नाही.

माझी ताई पुण्याला दिलेली होती. तिला कावीळ झाल्याचं पत्र आलं होतं. आई जाणार होती, पण दाजींनीच कळवलं की उतार आहे, घाई करू नका. मग एक दिवस दुपारच्या गाडीतून चिठ्ठीच्या ऐवजी बाई स्वतः उतरल्या.

बूथ बंद करून, कुबडी घेऊन, त्या धक्क्यांच्या रस्त्यानं त्या आल्या होत्या. दुकानासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, जावयाचा फोन आलता. पोरीची कावीळ वाढलीय, दवाखान्यात हाय. जित्ती हाय. बोलायलीय. मायला बोलवा म्हणायलीय. हीच गाडी माघारी जाती, बसा."

आमच्याकडं मेल्याची खबर कुणी मेल्याची म्हणून देत नाही. आजारी आहे, बरं नाही, बघायला बोलावलंय, असंच सांगतात; ऐकणारा समजून घेतो, आणि रडं घरी पोचल्यावरच सुरू होतं. त्यातून ह्या बाई कधी आमच्या गावाला आल्या नव्हत्या. नुसत्या आजारासाठी असल्या पायानं कोण येतं? वडिलांनी हातातली तार खाली ठेवली. आत आईनं हंबरडा फोडला, आणि त्यानंतर बाईंचं कुणी ऐकलंच नाही.

बाई सांगत होत्या. आईचा हात धरून सांगत होत्या, "माय, खरंच जित्ती हाय वं." शेजारणी आईला म्हणाल्या, बाई भल्या आहेत, धीर देतात. चुलत्यांनी तर त्यांना चहा देऊन बाजूला बसवलं. मला त्या सगळ्या शहाण्या माणसांचा अजून राग येतो.

कंडक्टरनं गाडी थांबवून धरली होती. आमच्यातलं कुणी चढलं नाही. मातीला जायचं म्हणजे माहेरची माणसं पाहिजेत, मामा पाहिजेत. मामांच्या गावाला सायकल गेली. सवाष्ण गेली म्हणून माहेरचं हिरवं लुगडं आणि खण पाहिजे, त्यासाठी माणूस केजला गेला. जीप ठरवली गेली. शेवटी बाई एकट्याच गाडीत चढल्या. खिडकीतून त्यांनी पुन्हा एकदा "निघा बरं" म्हटलं, वडिलांनी हात जोडले.

आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. बीडला मी म्हणालो, अण्णा, बाईंच्या घरी जाऊन दवाखान्याचा नंबर घेऊ, फोन करू. वडील म्हणाले, "आता कशाला? तिला अजून किती खोटं बोलायला लावतो?" मीही मग हट्ट धरला नाही. जीपमध्ये माती पुण्यालाच होईल की सासरच्या गावाला नेतील, ह्यावर मामा आणि चुलते बोलत होते. आईच्या मांडीवर लुगड्याची पिशवी होती.

उजाडता उजाडता दवाखान्यात पोचलो. दाजी पायरीवर बसले होते. आम्हाला बघून उठले आणि आईच्या पाया पडले. म्हणाले, "आत्ता पहाटे गेली. काल दिवसभर दाराकडं बघत होती. कुणी आलं की विचारायची, आई का?"

आईला आधी कळलंच नाही. "काल जित्ती होती?" तिनं विचारलं. दाजी तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर पिशवीवर गेली. पिशवीतून हिरवा काठ दिसत होता. त्यांनी मान खाली घातली. आईनं पिशवी पदराआड धरली, तेवढ्यानं ती झाकली जाणार नव्हती. त्या दिवशी ताईला तेच लुगडं नेसवलं.

आई पुढं कधी ह्यावर बोलली नाही. वडिलांशीही कितीतरी दिवस बोलली नाही. वडिलांनी दुकान उघडलं, पण बीडला जायचं टाळायचे. चिठ्ठ्या येत होत्या, कामं होत होती. शेवटी तारेसाठी जावंच लागलं, तेव्हा मीही बरोबर होतो.

बाईंनी खुर्ची पुढं सरकवली. ताई गेल्याचं त्यांना दाजींच्या फोनवरून कळलेलं होतं. बाकीचं काही माहीत नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, मायलेकींची भेट झाली का?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"झाली," ते म्हणाले.

"बोलली का काही?"

"बोलली. तुमी वेळेवर सांगितलं म्हणून."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मला लई घोर लागला व्हता."