रविवार, संध्याकाळी पाच

मुलुंडच्या घरी बाबांच्या फोनमधला अलार्म अजूनही दर रविवारी पाचला वाजतो आणि मला जर्मनीतली माझी खोली आठवते. तिथे आधी विचारल्याशिवाय कुणी कुणाला फोन करत नसे. वर्षभर शिकून मीही तशीच झाले होते, वर त्याचा केवढा तोरा! एका मंगळवारी बाबांचा फोन आला.

"बाबा, रविवारी पाचला बोलायचं ठरलंय ना? असा कधीही फोन नाही करायचा."

"बरं गं, चुकलं."

रविवारी बरोबर पाचला ते म्हणाले, "आईला मंगळवारी अर्धांगाचा झटका आला. तेव्हा बोलत होती, तुझंच नाव घेत होती. कालपासून वाचा गेलीय."

"मग मधे का नाही सांगितलंत?" मी किंचाळले.

"अगं, तुझी वेळ आजची होती ना?"