पोटात काय काय निघतं

बायकांच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी चालत येतात, खाटेवरून येतात, ट्रॅक्टरमधून येतात, आणि रस्ता शिल्लक असला तर ॲम्ब्युलन्समधूनही येतात. मी चंद्रपुरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पुस्तकात ज्या गाठींपुढे 'अत्यंत दुर्मीळ' असं लिहिलेलं असतं, त्या आमच्याकडे सोमवारच्या ओपीडीत रांग लावून बसलेल्या असतात. शिवाय बाई येते इतक्या उशिरा, की डॉक्टरने निदान करायच्या आत गाठच स्वतःची ओळख करून देते.

*

एका नव्या नवरीच्या पोटात दुखायचं. सासूचं मत असं की कामाची वेळ झाली की दुखतं. सोनोग्राफीत अंडाशयात डर्मॉइड निघाली. ही गाठ जन्मापासूनच्या पेशींची असते आणि तिच्यात केस, चरबी, कधी कधी दातसुद्धा सापडतात. आम्ही ती काढली आणि पद्धतीप्रमाणे ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवली. आत केसांचा पुंजका आणि एक चांगला पांढरा दात.

नवऱ्याने पाहिलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. सासू मात्र पुढे झाली, चष्मा लावून बराच वेळ दात न्याहाळत राहिली. मी समजावत होते की हे कुणी खाल्लेलं नाही, करणी नाही, पोरीचा काही दोष नाही. सासूने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"दोष नाई म्हणता ते ठीक आहे. पण हा दात आमच्या घरचा नाई. इच्या माहेरी साऱ्यायचेच दात असे पुढं आहेत."

*

पोंभुर्ण्याकडच्या यशोदाबाई साठीच्या घरातल्या. पोट वाढत होतं काही वर्षांपासून. आधी गॅस म्हणून ओवा खाल्ला, मग कुणी पाणी झालंय म्हटलं, मग कुणी नुसतंच "तब्येत सुधारली" म्हटलं. दवाखान्यात काऊन नाही आलात, असं मी विचारलं, तर रोवणी होती, मग कापणी होती, मग नातवाचं बारसं होतं. बाईच्या पोटातल्या गाठीला आमच्याकडे सगळ्यात शेवटी सुटी मिळते.

अंडाशयाची गाठ एवढी मोठी होती की बाईंना उताणं झोपताच येत नव्हतं. त्या बसून झोपायच्या, आणि हे त्यांनी विचारल्याशिवाय कुणाला सांगितलंही नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी गाठ बाहेर काढायला दोघं लागले. शेंडे सिस्टर, आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज, कशालाही न हलणाऱ्या बाई. त्यांनीही आधी मोठा टब मागवला आणि मग देवाचं नाव घेतलं. रिपोर्ट साधा आला, कॅन्सर नव्हता.

काही महिन्यांनी यशोदाबाई तपासायला आल्या. एकदम हलक्या, चालणं झपाझप. मी कौतुक केलं, पण त्यांचं तोंड उतरलेलंच. कसला त्रास आहे का, विचारलं.

"त्रास काई नाई, बाई. पन पयले बसमधी चढलो का कंडक्टर साऱ्यायले उठवे, पोटुशी आहे म्हने, जागा द्या. आता कोणी पाहात नाई. मार्कंड्याच्या जत्रेले उभ्यानं गेलो."

*

मूल गावाकडची वंदना आमच्याकडे आली ती मरायला आली होती. पोटात पाणी, अंडाशयावर गाठी, रक्ताच्या तपासणीत कॅन्सरचा आकडा वाढलेला. मोठ्या शहरातल्या कुणीतरी नवऱ्याला बाजूला घेऊन "शेवटची स्टेज" असं सांगितलं होतं. नवरा व्यवहारी माणूस. बायको जिवंत असतानाच तो दुसरी मुलगी पाहून आला. लेकरांसाठी, अर्थात. आपल्याकडचा पुरुष लेकरांसाठी काय वाट्टेल तो त्याग करतो.

आमच्या सरांना मात्र शंका आली. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, वयाने आणि पोटाने मोठे. वंदनाला संध्याकाळी ताप येत होता. त्यांनी दुर्बिणीतून पोटात पाहिलं, तर आत सगळीकडे खसखस पसरल्यासारखे बारीक दाणे. तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. पोटाचा टीबी होता, गोळ्यांनी बरा होणारा.

ही बातमी मीच नवऱ्याला दिली. चेहऱ्यावर आनंद यायला त्याला जरा वेळ लागला.

वंदना औषधांवर भरली. गालावर रंग आला, शेंडे सिस्टरांशी भांडायची ताकद आली. घरच्या सगळ्यांची तपासणी करायची असते, तशी आम्ही केली. नवऱ्याच्या थुंकीत टीबी निघाला. वंदना म्हणाली, यांचा खोकला दिवाळीपासूनचा आहे, दाखवा म्हटलं तर वेळ नाही म्हणायचे. मुलगी पाहायला गावोगाव फिरायला मात्र वेळ होता.

मग ती मला म्हणाली,

"मॅडम, त्या पोरीच्या घरी निरोप धाडा न. तिचाबी एक्सरे काढून घ्या म्हणा. बिचारीच्या घरी दोनदा चहा प्याले हे."

*

पावसाळ्यात एक बाळंतीण आली. घरीच बाळंत झालेली, वार अर्धी आत राहिलेली, आणि नाला भरलेला म्हणून निघायला उशीर. ताप, पोटात पू, लघवी बंद. सरांनी पोट उघडून साफ केलं, मग ती व्हेंटिलेटरवर. तिला जे इंजेक्शन हवं होतं ते नेमकं संपलेलं. शेंडे सिस्टरांनी सगळे वॉर्ड पालथे घालून, एका ठिकाणी भांडून, थोडं मिळवलं.

त्याच दिवशी एक मोठे पाहुणे पाहणीला येणार होते. इंजेक्शन नव्हतं, पण दारात रांगोळी होती, आणि खिडकीला नवे पडदे.

पाहुणे आयसीयूत आले. फोटोवाला पुढे धावला. त्यांनी त्या बाळंतिणीच्या कपाळावर हात ठेवला आणि आपुलकीने विचारलं, कशी आहेस, काही तक्रार आहे का? तिच्या तोंडातून घशापर्यंत नळी. ती नुसती डोळे मोठे करून पाहत राहिली.

पुढे ती वाचली. नळी काढल्यावर बाळ मागितलं, मग भात मागितला. पण त्याआधीच तिचा फोटो पेपरात आला होता. खाली छापलं होतं की एकाही रुग्णाने तक्रार केली नाही.

*

झुरी भामरागडच्याही पलीकडची, माडिया आदिवासी. सोबत तिची सासू. पोरगी खोकत होती, खोकल्यातून रक्त पडत होतं, अंगावरूनही जात होतं. आणि कुणीतरी वाटेत केलेली गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह होती. नवरा मात्र कित्येक महिने तेलंगणात, मिरची तोडायला गेलेला.

झालं. खोकल्यातल्या रक्ताबद्दल वॉर्डात कुणालाच फारसं कुतूहल उरलं नाही. नवरा घरी नाही, हा आजार सगळ्यांना एकदम समजला. शिकलेली माणसं, हळू आवाजात, कपाळाला आठ्या घालून, पोरीचं भलं चिंतू लागली.

सरांनी सोनोग्राफी केली. पिशवीत बाळ नव्हतं, रक्ताळ गाठ होती. छातीच्या एक्सरेत गोल गोल डाग. नवरा जायच्या आधी झुरीचा एक गर्भ पडला होता, त्यातल्या वारेच्या पेशींचा कॅन्सर झाला होता आणि तो फुफ्फुसात पोचला होता. हा कॅन्सर गरोदरपणाचंच हार्मोन सोडतो, म्हणून चाचणी फसते. भयंकर दिसतो, पण बहुतेकदा किमोने बराही होतो.

हे सासूला सांगायचं होतं. आमच्या वॉर्डातल्या आया कोमटीबाई माडिया भाषा बोलतात, त्या मध्ये उभ्या राहिल्या. सर फार जपून बोलत होते. अगोदर चाचणीचं सांगितलं, मग नवरा घरी नाही हे आडून आडून काढलं. म्हातारीने त्यांना मध्येच थांबवलं. कोमटीबाईंनी तिचं बोलणं जसंच्या तसं आमच्यापुढे ठेवलं.

"ते म्हणते, लेकरू असन तं आमच्या घरचं. बिमारी असन तं तुमच्या घरची. आता तुमी पाहा."

आम्ही पाहिलं. किमो सुरू झाली. पावसात रस्ते बंद झाले, म्हणून सासू-सून दोघी वॉर्डातच राहिल्या. झुरीचे केस गेले, तर सासूने स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून तिच्या डोक्याला बांधली. हळूहळू रक्त थांबलं, हार्मोनचा आकडा खाली आला, छातीतले डाग पुसट होत गेले.

पाणी ओसरलं आणि नवरा आला. लालसू नाव त्याचं. थेट खाटेजवळ गेला, बायकोच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. तीही हसली.

सरांनी त्याला बाजूला घेतलं. कोमटीबाईंना बोलावलं. चाचणी का फसते, हार्मोन म्हणजे काय, वारेच्या पेशी कशा राहतात, सगळं चित्र काढून समजावलं. शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तुझ्या बायकोवर शंका घेऊ नकोस, ती निर्दोष आहे.

लालसू गोंधळला. त्याने कोमटीबाईंना हळूच काहीतरी विचारलं. त्या सरांनी काढलेल्या चित्राची घडी घालू लागल्या. सर म्हणाले, सांगा ना, काय विचारतोय तो?

"तो म्हणते," कोमटीबाई म्हणाल्या, "मी तं असं काई विचारलंच नाई. मंग डाक्टरले कोणी विचारलं?"